‘झाले नाही’ लिहायला जागा कुठे आहे?

सप्टेंबर २०२१ मध्ये चीन सरकारने आपल्या तिसऱ्या राष्ट्रीय मानवी हक्क कृती आराखड्याचे मूल्यमापन जाहीर केले. आराखडा २०१६ ते २०२० या पाच वर्षांचा होता. उद्दिष्टे आणि कामे मिळून १६८, आणि सगळीच्या सगळी १६८ पूर्ण. त्यातली बरीचशी तर मुदतीच्या आधी. याच पाच वर्षांत शिनच्यांगमध्ये लाखो विगुर मुसलमानांना छावण्यांत डांबल्याचे पुरावे जगासमोर आले आणि हाँगकाँगवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लादला गेला. मूल्यमापनात यातले काहीही अपयश म्हणून आलेले नाही.

हसून सोडून द्यावे असा हा प्रकार वाटतो खरा. पण आराखडा स्वतः लिहायचा, स्वतः राबवायचा आणि शेवटी स्वतःच शाबासकी द्यायची, ही खोड एकट्या चीनची नाही. निवडणुका होतात, वृत्तपत्रे मोकळी आहेत, न्यायालये सरकारविरुद्ध निकाल देतात, अशा देशांतही ती आहे. फक्त तिथे तिला सभ्य कपडे घातलेले असतात. म्हणून गेल्या तीस वर्षांतल्या या आराखड्यांकडे पाहताना मी एकच गोष्ट शोधत गेलो. अमुक काम झाले नाही, असे कुठेतरी अधिकृतपणे लिहिले गेले का, आणि ते लिहिण्याचा हक्क कुणाच्या हातात होता?

मुळात हे प्रकरण सुरू झाले जून १९९३ मध्ये, व्हिएन्नाच्या जागतिक मानवी हक्क परिषदेत. परिषदेच्या जाहीरनाम्यात ७१ वा परिच्छेद आहे. मानवी हक्कांची परिस्थिती सुधारण्यासाठी कोणती पावले टाकणार, याचा राष्ट्रीय कृती आराखडा करणे इष्ट आहे का, याचा प्रत्येक देशाने विचार करावा, असे त्यात सुचवले आहे. भाषा किती जपून वापरली आहे बघा. आराखडा करा, असेही नाही. करावा का, याचा विचार करा. कल्पना ऑस्ट्रेलियाची, आणि पहिला आराखडाही त्याच देशाने केला. पुढे ब्राझील, फिलिपिन्स, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, नॉर्वे, स्वीडन, नेपाळ, दक्षिण कोरिया अशी रांग लागली. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने आराखडा कसा करावा याची हस्तपुस्तिका काढली. सध्याच्या परिस्थितीचा आधी अभ्यास करा, लोकांना सामील करून घ्या, जबाबदारी आणि मुदत नेमून द्या, देखरेखीची सोय ठेवा, असे सगळे त्यात आहे. सल्ल्यात खोट नाही. मात्र आराखडा म्हणजे कायदा नव्हे. त्यातले वचन मोडले म्हणून नागरिकाला सहसा न्यायालयात जाता येत नाही. मग तो कुणाला बांधील असतो? बहुतेक ठिकाणी, ज्या खात्याने तो छापला त्या खात्याला.

चीनकडे थोडे जवळून पाहू, कारण तिथे ही यंत्रणा तिच्या शुद्ध रूपात दिसते. पहिला आराखडा १३ एप्रिल २००९ रोजी निघाला. काळ २००९–२०१०, म्हणजे मुदतीतले काही महिने आधीच उलटून गेलेले. त्यातला कोठडीविषयीचा भाग वाचताना मात्र आश्चर्य वाटते. मारहाण करून कबुलीजबाब घ्यायचा नाही, चौकशीच्या खोलीत आरोपी आणि पोलीस यांच्यामध्ये आडोसा असावा, चौकशीच्या आधी आणि नंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी व्हावी. इतके नेमके शब्द लोकशाही देशांच्या आराखड्यांतही क्वचित सापडतात.

त्या काळात कोठडीतल्या मृत्यूंवरून देश तापलेला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये युन्नान प्रांतातल्या चिन्निंग इथे चोरून झाडे तोडल्याच्या आरोपावरून पकडलेला चोवीस वर्षांचा तरुण कोठडीत मेला. पोलिसांनी सांगितले, तो इतर कैद्यांबरोबर लपाछपी खेळत होता आणि डोके भिंतीवर आपटले. इंटरनेटवर लोकांनी या खुलाशाची अशी टर उडवली की प्रांताच्या प्रचार विभागाला चौकशी समिती नेमावी लागली, आणि तिच्यात चक्क इंटरनेटवरच्या सामान्य टीकाकारांना घ्यावे लागले. समिती कोठडीवर गेली. कॅमेऱ्याचे चित्रण पाहायला मिळाले नाही, सोबतच्या कैद्यांशी बोलता आले नाही. पुढे सरकारी वकिलांच्या यंत्रणेनेच तपास केला आणि तरुणाला सहकैद्यांनी मारल्याचे निष्पन्न झाले. कैद्यांना आणि रखवालदारांना शिक्षाही झाल्या.

म्हणजे आराखड्यामागे खरी घटना होती, खरा संताप होता, आणि काही खरी सुधारणाही झाली. २०१२ मध्ये फौजदारी प्रक्रिया कायदा दुरुस्त झाला. गंभीर गुन्ह्यांत चौकशीचे चित्रण सक्तीचे झाले, छळ करून मिळवलेला पुरावा बाद ठरवण्याचे नियम आले. आणि त्याच दुरुस्तीत एक कलम घुसले. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली संशयिताला नेहमीच्या कोठडीऐवजी ‘नेमून दिलेल्या निवासस्थानी’ महिनोन्‌महिने ठेवण्याची मुभा त्याने दिली. जिथे माणूस कोठडीतच नाही, तिथे कोठडीचे नियम कसले? जुलै २०१५ मध्ये मानवी हक्कांचे खटले लढवणाऱ्या वकिलांची धरपकड झाली तेव्हा हेच कलम वापरले गेले. तो दुसऱ्या आराखड्याचा शेवटचा टप्पा होता. जून २०१६ मध्ये त्याचे मूल्यमापन आले आणि तोही पुरा झाल्याचे जाहीर झाले. आराखड्याच्या रकान्यांपुरते पाहिले तर त्यात खोटे फारसे नसेलही. आडोसे बसले, कॅमेरे बसले. फक्त माणसे दुसऱ्या इमारतीत नेली.

बाहेरून कुणी हिशेब मागितलाच नाही, असे नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये पहिल्या आराखड्यातली वचने आणि प्रत्यक्ष वर्तन यांची तुलना करणारा अहवाल काढला. पण हे काम ज्यांनी देशात राहून करायला हवे होते, त्यांतले लेखक ल्यू श्याओपो आराखडा निघण्यापूर्वीच, डिसेंबर २००८ मध्ये, पोलिसांच्या ताब्यात गेले होते. आराखड्याच्या पहिल्याच वर्षी, नाताळच्या दिवशी, त्यांना अकरा वर्षांची शिक्षा झाली.

इंडोनेशियाची कथा वेगळी. सुहार्तो मे १९९८ मध्ये पायउतार झाले आणि तीनच महिन्यांत हबीबी सरकारने पाच वर्षांचा आराखडा राष्ट्रपतींच्या हुकमाने लागू केला. त्यातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय करारांना मान्यता देण्याचे वेळापत्रक. छळविरोधी कराराला १९९८ मध्येच मान्यता मिळाली, वंशभेदविरोधी कराराला १९९९ मध्ये. दोन मुख्य करार, नागरी-राजकीय हक्कांचा आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचा, २००५ पर्यंत रखडले. पण वेळापत्रक छापलेले होते म्हणूनच ‘रखडले’ असे म्हणता येते. तारीख नसती तर उशीरही नसता. आराखडा लिहिणारे अधिकारी मुदतीच्या जागी ‘सातत्याने’, ‘टप्प्याटप्प्याने’ असले शब्द का पेरतात, ते इथे कळते.

मात्र करारांवर सह्या करणे हे तुलनेने सोपे काम. दुसरा आराखडा सुरू झाला त्याच वर्षी, ७ सप्टेंबर २००४ रोजी, बेपत्ता माणसांचा माग काढणाऱ्या ‘कोन्त्रास’ संघटनेचे संस्थापक मुनीर यांचा जकार्ताहून ॲम्स्टरडॅमला जाताना विमानातच मृत्यू झाला. शरीरात आर्सेनिक सापडले. राष्ट्राध्यक्षांनी सत्यशोधन पथक नेमले, पथकाने २००५ मध्ये अहवाल त्यांच्या हाती दिला. तो प्रसिद्ध झाला नाही. २०१६ मध्ये माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयाने उत्तर दिले की तो कागद आमच्याकडे नाही. माहिती मागणाऱ्याला ‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीत मिळते. इथे ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून आले.

या सगळ्या यादीत मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो ब्राझीलचा तिसरा आराखडा. पहिला १३ मे १९९६ रोजी, गुलामी संपवणाऱ्या कायद्याच्या वर्षदिनी निघाला, दुसरा बरोबर सहा वर्षांनी. दोन्ही भल्या हेतूंचे. तिसऱ्यासाठी २००८ मध्ये देशभर परिषदा झाल्या आणि २१ डिसेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष लुला यांनी हुकमावर सही केली. ८२ उद्दिष्टे, ५२१ कृती, आणि जवळजवळ प्रत्येक कृतीखाली जबाबदार मंत्रालयाचे नाव. नाव लिहिले की माणसे जागी होतात. लष्करशाहीच्या काळातल्या (१९६४–८५) अत्याचारांचा छडा लावणारा सत्य आयोग नेमावा, असे त्यात होते. संरक्षणमंत्री नेल्सन जोबिम आणि सैन्यदलांचे प्रमुख राजीनामा देण्याच्या तयारीत आल्याच्या बातम्या फुटल्या. चर्चने गर्भपाताच्या मुद्द्यावर आणि सरकारी इमारतींतले क्रूस काढण्याच्या सूचनेवर आवाज उठवला, जमीनदारांनी जमिनीच्या तंट्यांतल्या मध्यस्थीवर, वृत्तसमूहांनी माध्यमांवरच्या तरतुदींवर. सरकार नमले. जानेवारी २०१० मध्ये सत्य आयोगाविषयीच्या मजकुरातून ‘राजकीय दडपशाही’ हे शब्द गेले, मे महिन्यात बाकीच्या वादग्रस्त तरतुदी सौम्य झाल्या.

ही माघार होती, यात शंका नाही. तरीही मी तिला आराखड्याच्या बाजूचा पुरावा मानतो. ज्या आराखड्यावर कुणी चिडत नाही, तो कुणाकडून काही मागतच नसतो. आणि आयोग झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याचा कायदा आला, १० डिसेंबर २०१४ रोजी त्याने अहवाल दिला. ४३४ मृत आणि बेपत्ता माणसे, आणि जबाबदार म्हणून ३७७ जणांची नावे. शिक्षा कुणाला झाली नाही, कारण १९७९ चा माफी कायदा आडवा आला. पण कोण जबाबदार होते, हे सरकारी कागदावर उमटले.

पुढचा भाग कडू आहे. २०१९ मध्ये बोल्सोनारो यांच्या सरकारने एका हुकमाने लोकसहभागाच्या कितीतरी समित्या आणि परिषदा बरखास्त केल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये आराखड्याच्या फेरविचारासाठी एक कार्यगट नेमला गेला, त्यात नागरी संघटनांना जागा नव्हती. हुकमाने आलेले हुकमाने जाते.

ऑस्ट्रेलियात हेच अधिक शांतपणे घडले. २०१२ चा आराखडा शिस्तीत केलेला होता. आधी देशातल्या परिस्थितीचा मूळ अभ्यास, मग कृती. २०१३ मध्ये सरकार बदलले आणि तो बासनात गेला. त्याच सुमारास एक कायदाही झाला होता. संसदेत येणारे प्रत्येक विधेयक मानवी हक्कांच्या कसोटीवर तपासणारी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती त्याने निर्माण केली. ती समिती कंटाळवाणे अहवाल लिहीत, अनेकदा दुर्लक्षित होत, पण आजही काम करते आहे. आराखडा विसरला जातो. कायद्याने नेमलेल्या समितीची बैठक मात्र लागते.

दक्षिण कोरियात मानवी हक्क आयोग मसुद्याची शिफारस करतो आणि न्याय मंत्रालय आराखडा बनवते. आयोगाने जानेवारी २००६ मध्ये जे सुचवले त्यातले अडचणीचे मुद्दे मंत्रालयाच्या हातून जाताना झिजले. भेदभावविरोधी कायद्याचे तेच झाले. २००७ मध्ये विधेयक आले आणि लैंगिक कलासह काही आधार त्यातून वगळले गेले. सर्वसमावेशक कायदा अजून झालेला नाही. सद्सद्विवेकबुद्धीने सैनिकी सेवा नाकारणाऱ्यांना पर्यायी सेवा देण्याचा प्रश्नही असाच वर्षानुवर्षे लोंबकळला, तो सोडवला घटनात्मक न्यायालयाने, २०१८ मध्ये. पण कोरियाच्या पद्धतीत एक गुण आहे. आयोगाने काय सुचवले आणि सरकारने काय ठेवले, हे दोन्ही कागद वाचकापुढे असतात. काय गळले, ते कुणालाही ताडून पाहता येते.

नेपाळमध्ये आराखड्यांमागून आराखडे झाले, देखरेख पंतप्रधान कार्यालयाकडे. माओवादी संघर्षातल्या गुन्ह्यांचा हिशेब मात्र त्या चौकटीत कधी नीट बसलाच नाही. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या मानवी हक्क आयोगाने आपल्या वीस वर्षांच्या शिफारशींचा ताळेबंद मांडला आणि आपण दोषी ठरवलेल्या २८६ जणांची नावे जाहीर केली. पोलीस, सैनिक, माओवादी, सगळेच त्यात. सरकारने पूर्णपणे अमलात आणलेल्या शिफारशी अगदी थोड्या निघाल्या. आयोगाला शिक्षेचा अधिकार नाही. ‘झाले नाही’ हे नावानिशी लिहिण्याचा अधिकार मात्र त्याने वापरला.

निर्देशकांविषयी थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये मानवी हक्क मोजण्याची चौकट मांडली. कायदा आणि यंत्रणा आहे का, ती राबते आहे का, आणि लोकांच्या आयुष्यात फरक पडला का, असे तिचे तीन थर. सरकारांना पहिले दोन थर आवडतात. प्रशिक्षणे किती झाली, पुस्तिका किती छापल्या, हे मोजणे सोपे. फिनलंडने २०२०–२३ चा आपला आराखडा मुख्यतः मोजमापाची पद्धत बसवण्यासाठीच वापरला, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. पण आकडे कोण गोळा करते, हा प्रश्न उरतोच, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. २००१ मध्ये ‘सर्च’ आणि इतर संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल काढला. गावोगाव स्वतः नोंदी ठेवल्यावर दिसले की सरकारी दप्तरात बालमृत्यूंचा एक लहानसा तुकडाच उतरतो आहे. खोटी आकडेवारी मुद्दाम कुणी रचली असे नव्हे. मृत्यू नोंदवला की कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागत असेल, तर मृत्यू कमी नोंदले जातात. सरकारने पुढे ‘सर्च’च्या डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली.

दुसरे उदाहरण पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने समन्वय केलेल्या लोकाधारित देखरेखीचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या जिल्ह्यांत ती सुरू झाली. गावातल्या समित्या प्राथमिक आरोग्य केंद्राला प्रगतिपुस्तक द्यायच्या : चांगले असेल तर हिरवा रंग, बरे असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ते केंद्राच्या भिंतीवर लागायचे. मग जनसुनवाई. सलाईनला पैसे घेतले, औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, नर्सताई वस्तीवर फिरकत नाहीत, हे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तोंडावर, त्यांच्या वरिष्ठांसमोर सांगितले जायचे. वहिनी आणि आजी उठून बोलायच्या. लाल रंग पाहून चिडणारे डॉक्टर होते, आणि ‘मलाही औषधे वरून येत नाहीत, तेही लिहा’ म्हणणारेही होते. दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांना हा प्रकार सोयीचा ठरला; तक्रार वर पोचवायला त्यांना गावाची साथ मिळाली. पैसा आरोग्य खात्याच्याच योजनेतून यायचा, ही त्यातली कच्ची बाजू. पण तो लाल रंग भरण्याचा हक्क केंद्राकडे नव्हता, गावाकडे होता. जगभरच्या चकचकीत आराखड्यांत नेमके हेच सापडत नाही.

भारताचे काय? आपल्याकडे सर्व मानवी हक्कांना कवेत घेणारा, सरकारने जाहीर केलेला राष्ट्रीय आराखडा नाही. बालकांसाठीची योजना २०१६ ची आहे. उद्योग आणि मानवी हक्कांविषयीच्या आराखड्याचा ‘शून्य मसुदा’ कंपनी व्यवहार मंत्रालयाने काढला, तो अंतिम झालेला नाही. वचनांची यादी मात्र आपोआप तयार होत असते. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे होणाऱ्या वैश्विक नियतकालिक आढाव्यात भारत चार वेळा उभा राहिला : २००८, २०१२, २०१७ आणि २०२२. शेवटच्या फेरीत ३३९ शिफारशी आल्या, त्यांतल्या २२१ आपण स्वीकारल्या. छळविरोधी करारावर भारताची सही १९९७ ची. मान्यता अजून बाकी. चारही आढाव्यांत ती आठवण करून दिली गेली. छळप्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे व्यपगत झाले. स्वीकारलेल्या २२१ शिफारशींपैकी कोणती कुठल्या खात्याकडे आहे, याचा तक्ता संसदेपुढे ठेवला तर अर्धा आराखडा आयताच तयार होईल.

तो तपासणार कोण? राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हे स्वाभाविक उत्तर, पण आयोगाची स्वतःची पत सध्या नाजूक आहे. आयोगांच्या जागतिक संघटनेने त्याची मान्यता २०२३ आणि २०२४ मध्ये लागोपाठ लांबणीवर टाकली. नेमणुकांची पद्धत आणि तपासात पोलीस अधिकाऱ्यांवर असलेली भिस्त, ही त्यामागची मोठी कारणे. तरीही आयोगाच्या कायद्यात, म्हणजे १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमात, एक चांगले कलम पडून आहे. कलम २० नुसार आयोगाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवताना त्यासोबत कार्यवाहीचे निवेदन जोडावे लागते, आणि शिफारस नाकारली असेल तर का नाकारली, हेही लिहावे लागते. राज्य आयोगांसाठी कलम २८ तसेच आहे.

निवेदन सक्तीचे केले की सरकार सुधारते, असा भाबडेपणा महाराष्ट्राला परवडणारा नाही. मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये विधिमंडळात आला, तोच कार्यवाही अहवालासह, आणि त्या कार्यवाही अहवालात सरकारने आयोगाचे मुख्य निष्कर्षच अमान्य केले. पण तो निदान मांडला गेला, कारण चौकशी आयोगांच्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. सरकारने काय नाकारले, ते छापील राहिले आणि पुढची कित्येक वर्षे त्याचा जाब विचारला गेला. मानवी हक्क अधिनियमाच्या कलम २० मध्ये अशी मुदत नाही. मुदत घालण्याचा नमुना मात्र संसदेतच आहे. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांची नोंद ठेवते, शब्द पाळायला तीन महिने देते आणि वाढीव मुदत हवी असेल तर कारण मागते. मानवी हक्कांचा आराखडा भारताने उद्या करायचा म्हटले, तर समित्या, संकेतस्थळे आणि बोधचिन्हे यांच्या आधी कलम २० मध्ये ‘सहा महिन्यांच्या आत’ एवढे शब्द घालावे लागतील. ती एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि तिच्यासाठी आराखड्याची वाट पाहण्याचीही गरज नाही.